दाराला कान असतात

भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकत आलो. दारालाही कान असतात, हे मात्र आमच्या सोसायटीने दाखवून दिलं आणि त्यासाठी फ्लॅटमागे चार हजार रुपये घेतले.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय होता : 'इमारतीच्या प्रवेशद्वारास कार्ड रीडर बसविणेबाबत विचार करणे.' सहावा विषय पाण्याच्या टाकीचा. टाकीवर दोन तास भांडण झालं. सातव्या विषयापर्यंत साडेनऊ वाजले होते, घरोघरी पानं वाढून तयार होती, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न एकमताने आणि दीड मिनिटात सुटला. पंधरा दिवसांत दाराच्या चौकटीला साबणाच्या वडीएवढी काळी डबी चिकटली. तिच्या कपाळावर तांबडा दिवा. कार्ड जवळ नेलं की डबी 'टीं' करते, दिवा हिरवा होतो, वर 'खट्' वाजतं आणि दार सुटतं. उद्घाटनाला नारळ फोडला, सेक्रेटरींच्या मिसेसनी डबीला हळदकुंकू लावलं आणि कुणीतरी वर लिंबू-मिरची टांगली. मी तेव्हा लिंबू-मिरचीला हसलो होतो. आता हसत नाही. लिंबू-मिरची निदान आपला नंबर कुणाला सांगत नाही.

हे ज्ञान मला कार्ड हरवल्यामुळे झालं. नवं कार्ड हवं असेल तर काय करावं लागतं, त्याची यादी नोटीस बोर्डावर आहे. सेक्रेटरींच्या नावे अर्ज, पाचशे रुपये, दोन फोटो, 'सदर कार्ड माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाले आहे' असं हमीपत्र, आणि मग कमिटीची बैठक. बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. त्या दिवशी पहिला सोमवार होता.

"माझं कार्ड घेऊन जा आणि मंडईतल्या चावीवाल्याकडून दुसरं करून आणा," बायको म्हणाली. मला तो टोमणा वाटला. लग्नाला तीस वर्षं झाली की टोमणा कुठला आणि सल्ला कुठला हे ओळखता येत नाही. दोन्ही मुकाट्याने अमलात आणणं सोपं पडतं.

चावीवाला मंडईच्या कोपऱ्यावर झाडाखाली बसतो. पुढ्यात लोखंडी पेटी, तारेत ओवलेल्या चाव्यांच्या माळा, पायात धरायचा छोटा शेगडा आणि कानशी. मी आधी लॅचची चावी पुढे केली, कारण नुसतं कार्ड पुढे करायला संकोच वाटत होता.

"हिला पंधरा मिनिटं लागतील," तो म्हणाला. "घासायला लागते. बसली नाही तर परत यावं लागेल."

मग मी हळूच कार्ड काढलं. त्याने ते दोन बोटांत धरलं, उन्हात तिरकं करून बघितलं, पेटीतून टीव्हीच्या रिमोटएवढं एक निळं यंत्र काढलं. कार्ड यंत्राच्या पाठीला लावलं, एक बटण दाबलं. टीं. मग कोटाच्या बटणाएवढा एक निळा टॅग त्याच जागी धरला, दुसरं बटण दाबलं. टीं.

"झालं. दीडशे."

"अहो, एवढ्यात?"

"नंबर तर उतरवायचा. ह्यात घासायला काय आहे?"

लॅचच्या चावीसाठी मात्र त्याने वही काढली आणि माझं नाव, पत्ता, फोन लिहून घेतला. "उद्या कुठे चोरी झाली तर पोलीस पहिले मला विचारतात," तो म्हणाला. "आणि टॅगचं?" मी विचारलं. "त्याला कोण विचारतंय? ते कॉम्प्युटरचं आहे."

घरी आलो. निळा टॅग डबीला लावला. माझ्या छातीत धडधड होत होती, डबीच्या छातीत काहीही झालं नाही. टीं. हिरवा. खट्. पाचशे रुपये, दोन फोटो आणि एक रविवार, असा सगळा ऐवज दीडशे रुपयांत वाचला होता. त्या आनंदात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. टॅग माझ्या हातात असला तरी डबीच्या दृष्टीने मी आता माझी बायको होतो.

कोण कधी आलं याची यादी सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर उमटते. त्या यादीत माझं इमारतीत येणं बंद झालं आणि आमच्या मंडळी दिवसातून चार-चार वेळा येऊ लागल्या. महिनाभराने सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं, आवाज खाली आणला. "तुमच्या घरातली गोष्ट आहे, मी बोलू नये... पण दर शनिवारी वहिनी रात्री साडेअकराला परत येतात." दर शनिवारी मी मित्राकडे रमी खेळायला जातो. साडेअकराच्या वहिनी म्हणजे मीच, हे कबूल करावं की बायको कीर्तनाला जाते असं सांगून तिला वाचवावं, या पेचात मी दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. ते दोन मिनिटांचं मौन सेक्रेटरींनी कसं घेतलं असेल ते घेतलं असेल. त्यानंतर बराच काळ ते माझ्याशी फार प्रेमाने वागले.

कोडं उलगडलं भाच्याने. तो इंजिनिअर आहे, म्हणजे घरातला टीव्ही बिघडला की येत नाही, पण जेवायला आला की टीव्ही का बिघडतो ते सांगतो.

"मामा, कॉलेजात प्रॉक्सी मारायचे ना, तसं आहे हे. सर नंबर पुकारतात, मागच्या बाकावरून कुणीतरी 'येस सर' ओरडतं. सर मान वर करून बघत नाहीत. गंमत म्हणजे तुमच्या ह्या कार्डाला म्हणतातही प्रॉक्सिमिटी कार्ड."

कार्डात बॅटरी नसते. डबी आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्राचं कुंपण सतत थरथरत ठेवते, आमच्यासारख्या जुन्या जातीच्या कार्डांसाठी सेकंदाला १,२५,००० वेळा, म्हणजे १२५ किलोहर्ट्झ. कार्डाच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते कुंपणात शिरलं की त्यात वीज उपजते, मोहरीएवढी चिप जागी होते आणि जागी झाल्या झाल्या आपला नंबर ओरडू लागते. कोण विचारतंय, कशाला विचारतंय, हे ती बघत नाही. डबीने जागं केलं तरी तोच नंबर, चावीवाल्याच्या यंत्राने जागं केलं तरी तोच. झोपेत बरळणाऱ्या माणसाला कुणीही चिमटा काढावा आणि त्याने नाव-गाव-फळ-फूल सगळं सांगून टाकावं, तसा प्रकार. दार ऐकतं. बघत नाही. दाराला नुसते कान असतात.

दाराजवळ काहीतरी नेलं की कुलूप आपोआप उघडावं ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या चार्ल्स वॉल्टन यांनी १९७३ साली तिचं पेटंट घेतलं. कल्पना सोयीची होती, आणि सोयीच्या कल्पनांना पन्नास वर्षं कुणी 'पण' विचारत नाही.

बरं, तो नंबर तरी केवढा? जगभर सर्वांत जास्त चाललेली मांडणी २६ बिटांची आहे. पैकी ८ बिट इमारतीचे, १६ बिट माणसाचे, उरलेले दोन पडताळ्याचे. हिशेब केला तर साऱ्या जगात इमारती २५६ आणि प्रत्येकीत माणसं ६५,५३६. पडताळ्याचे दोन बिट चोर पकडायला नाहीत. लिहिताना आकडा चुकला का एवढंच ते बघतात, म्हणजे चोराचं शुद्धलेखन तपासतात. शिवाय कार्डं खोक्यातून ओळीने निघतात. माझं कार्ड हरवलं तेव्हा बायकोच्या कार्डावरचा आकडा बघून मी माझा सांगू शकलो असतो, कारण एकचाच फरक. आणि हा आकडा कुठे असतो? कार्डावरच छापलेला असतो. एटीएमच्या कार्डावर मागे पिन लिहिणाऱ्या आमच्या थोरल्या काकांना आम्ही वीस वर्षं हसलो. इथे कारखानाच लिहून देतो. शिवाय नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी गळ्यातलं कार्ड पुढे करून फोटो काढायचा आणि तो जगाला दाखवायचा, ही आपली नवी मुंज आहे. त्या फोटोत चेहरा हसरा असतो आणि नंबर स्पष्ट.

"आणि मामा, डबी नुसती कान आहे," भाचा म्हणाला. "मेंदू आत असतो." डबीला नंबर ऐकू आला की ती मागच्या तारांवरून तो आतल्या पेटीला कळवते. त्या बोलीला विगंड म्हणतात. जॉन विगंड हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले गृहस्थ, शिक्षणाने पियानोवादक आणि समूहगायनाचे दिग्दर्शक. एका खास तारेचा चुंबकीय गुण त्यांना सापडला, त्यावरून कार्डं निघाली. पुढे ती कार्डं मागे पडली, पण त्यांच्यासाठी ठरलेली बोली राहिली. दोन तारा : एकीवर ठोका पडला की शून्य, दुसरीवर पडला की एक. गाणाऱ्याच्या नावाला शोभेल असं काम, सगळं खुल्या आवाजात. कूट नाही, कुजबुज नाही. ज्याला त्या दोन तारांना हात लावता आला, त्याला सगळं ऐकू येतं आणि तोच नंबर पुन्हा म्हणूनही दाखवता येतो. २००७ साली लास व्हेगासमध्ये झॅक फ्रँकन यांनी भर परिषदेत हेच करून दाखवलं. त्या तारा ज्या डबीत येतात ती डबी लटकते कुठे? दाराबाहेर. रस्त्यावर. दोन स्क्रूंवर.

आमच्याकडे दिवाळीत इलेक्ट्रिशियनने आकाशकंदिलाला वीज हवी म्हणून डबीचे ते दोन स्क्रू काढले, भर संध्याकाळी, रस्त्यात स्टूल टाकून. डबी अर्धा तास तोंड उघडून लोंबकळत होती. कुठेही भोंगा वाजला नाही. उलट वरून सेक्रेटरींनी ओरडून विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर पाहिजे का?"

एवढं ऐकल्यावर मी भाच्याला विचारलं, की मग बरोबर पद्धत कोणती? तो कागद-पेन मागायला लागला. मला कागद लागला नाही, कारण बरोबर पद्धत आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली असते.

आमच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गॅलरीतून त्या खालच्या माणसाला विचारतात, "कोणाकडे?" माणूस म्हणतो, "चारशे दोन." आता डबी असती तर टीं करून मोकळी झाली असती. आजी पुढे विचारतात, "त्यांच्या सुनेकडे की त्यांच्याकडे?" दुसऱ्या दिवशी तोच माणूस आला तर प्रश्न वेगळा : "काल भेटले का?" तिसऱ्या दिवशी : "पाय कसा आहे त्यांचा?" उत्तर चोरून उपयोग नाही, कारण उद्या प्रश्न बदलणार. खरोखर घरचा असेल तोच उत्तर देऊ शकतो, आणि घरचं गुपित काय ते त्याला एकदाही मोठ्याने बोलावं लागत नाही. चांगल्या कार्डात नेमकं हेच होतं. यंत्र दर वेळी एक नवा, आधी ओळखता न येणारा आकडा फेकतं. कार्ड आपल्या पोटातली गुप्त किल्ली त्यावर चालवून उत्तर परत करतं. किल्ली कधीच हवेत येत नाही. हवेत येतो तो आजच्यापुरता प्रश्न आणि आजच्यापुरतं उत्तर. कानांनी एवढं ऐकून चोराच्या हाती काही लागत नाही.

"म्हणजे आजी बसवायच्या दाराला," मी म्हणालो.

"बसवल्या होत्या," भाचा म्हणाला, "पण स्वस्तातल्या."

मायफेअर क्लासिक नावाचं कार्ड १९९४ साली बाजारात आलं. पुढे ते एका डच कंपनीकडे गेलं. प्रश्नोत्तरं करणारं, किल्ली बाळगणारं. ऑफिसांची दारं, लंडनच्या लोकलचं ऑयस्टर कार्ड, नेदरलँड्समधल्या बस-रेल्वेचं कार्ड, सगळीकडे तेच होतं. उत्तर काढायची रीत कंपनीने गुप्त ठेवली होती, नाव क्रिप्टो-१. रीत गुप्त म्हणून कुलूप मजबूत, असा हिशेब. आपल्याकडे याला झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात, आणि म्हणतानाच आपल्याला ठाऊक असतं की मुठीत काही नाही.

२००७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या दोघांनी मूठ उघडायला सुरुवात केली. त्यांनी ती चिप कांद्यासारखी पापुद्र्या-पापुद्र्याने सोलली, प्रत्येक थराचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि आतली जोडणी नकाशासारखी वाचली. मग नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या राडबाउड विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ साली उरलेलं सगळं उलगडलं. आतून काय निघालं? किल्ली अवघ्या ४८ बिटांची. आणि समोरच्याची परीक्षा घ्यायला चिप जो आकडा काढायची तो मनाचा नव्हताच. वीज मिळाल्यापासून किती वेळ गेला, यावर तो ठरायचा. वेळ साधून विचारलं की प्रश्न तोच. म्हणजे ह्या आजी रोज सकाळी नऊला 'पाय कसा आहे?' आणि सव्वानऊला 'सून कुठे गेली?' असंच विचारायच्या. पेपर फुटलेला होता.

यावर कंपनीने काय करावं? कोर्टात जावं. संशोधकांनी लेख छापू नये, आमचं नुकसान होईल, असा दावा. आर्नेमच्या न्यायालयाने जुलै २००८ मध्ये तो फेटाळला. आशय असा, की तुमचं नुकसान लेख छापण्याने होत नाही, सदोष चिप बनवून विकल्याने होतं. हा निकाल मला फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात लावायचा आहे. कारण आमच्याकडेही टाकी गळते असं जो सांगतो, गळतीबद्दल नोटीस त्यालाच येते. आणि गंमत बघा, 'कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली', हे तत्त्व १८८३ सालीच मांडून झालं होतं. मांडणारे ऑगस्ट केर्कहॉफ्स. तेही जन्माने डचच. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

किल्लीचंही एक आहे. कार्ड कारखान्यातून निघतं तेव्हा तिच्या जागी साधारणपणे बारा 'एफ' भरलेले असतात, ग्राहकाने बदलावेत म्हणून. पुष्कळ जण बदलत नाहीत. एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात बारा एफ आले तर बाप शाळेत जाऊन बसतो. दाराच्या प्रगतिपुस्तकावर आपण सही करून मोकळे होतो.

आता तुम्ही म्हणाल, सोसायटीचं सोडा, पंचतारांकित हॉटेलात तरी नीट असेल. तिथली कथा अधिक रंगतदार आहे.

२०१२ साली लास व्हेगासमध्ये कोडी ब्रोशियस यांनी ऑनिटी नावाच्या हॉटेल-कुलपाची गंमत दाखवली. जगभरात ही कुलपं लाखोंनी लागलेली. कुलपाच्या खालच्या कडेला एक गोल भोक असतं, साध्या चार्जरची पिन बसेल तसलं. बिघाड झाला तर हॉटेलच्या माणसाने तिथे आपलं यंत्र जोडावं यासाठी. पण त्या भोकातून कुणीही 'तुझ्या पोटात काय आहे?' असं विचारलं की कुलूप पोटातलं सगळं ओकायचं, गुप्त आकड्यासकट. पन्नास डॉलरांच्या आत येणाऱ्या सामानात काम भागत होतं. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या हॉटेलांत खऱ्याखुऱ्या चोऱ्याही झाल्या. यावर कंपनीने जो पहिला फुकट उपाय काढला, तो वाचून मला ती कंपनी आपल्या नात्यातली वाटली. भोकाला बूच! वर एक अनोळखी डोक्याचा स्क्रू. आतली पाटी बदलून हवी असेल तर सुरुवातीला खर्च हॉटेलच्या गळ्यात. गळक्या नळाला चिंधी बांधण्याची विद्या आपली एकट्याची नाही, याचा मला फार आधार वाटला.

दुसरी गोष्ट चिवटपणाची. २००३ साली बर्लिनच्या एका हॉटेलात परिषदेला आलेल्या माणसाचा लॅपटॉप खोलीतून गेला. दार फोडल्याची खूण नाही, यादीत कुणी आत आल्याची नोंद नाही. हॉटेलने हात झटकले. त्याच्या ओळखीचे दोन फिन्निश तज्ज्ञ, टोमी टुओमिनेन आणि टिमो हिरव्होनेन, यांच्या मनात ती गोष्ट खुपत राहिली. फावल्या वेळात दोघं त्या कुलपाच्या मागे लागले आणि २०१८ साली त्यांनी जाहीर केलं की कुठल्याही जुन्या, रद्द झालेल्या खोलीच्या कार्डावरून अख्ख्या हॉटेलची मास्टर चावी बनवता येते. कुलूप बनवणाऱ्यांना आधी कळवून, दुरुस्ती झाल्यावर. पंधरा वर्षं एकच गोष्ट मनात धरून बसणारी माणसं फक्त सदाशिव पेठेत होतात, असा माझा समज होता. फिनलंडशी आमचं काहीतरी जुनं नातं असलं पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट त्यामानाने अलीकडची. मार्च २०२४ मध्ये इयन कॅरोल, लेनर्ट वाउटर्स आणि त्यांच्या साथीदारांनी सॅफलॉक जातीच्या कुलपांचं असंच सगळं बाहेर काढलं. १३१ देश, १३,००० ठिकाणं, ३० लाखांवर दारं. कंपनीला त्यांनी २०२२ सालीच सांगितलं होतं. दीड वर्षाने जाहीर केलं तेव्हा दुरुस्त झालेली दारं ३६ टक्के. कारण प्रत्येक दारापाशी माणूस जावा लागतो. आणि त्यातल्या पुष्कळ दारांचं कार्ड कोणतं? तेच, पेपर फुटलेल्या आजींचं. १९९४ चं. २००८ सालीच उघडं पडलेलं.

ही सगळी माहिती घेऊन मी यंदाच्या सभेत उभा राहिलो. भाच्याने मुद्दे लिहून दिले होते. मी बर्लिनपासून सुरुवात केली. आर्नेमपर्यंत पोचलो तेव्हा तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला, "पार्किंगचा विषय कितवा आहे?" मग मी युक्ती केली. खिशातून निळा टॅग काढला, सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं, "दीडशे रुपये. मंडईच्या कोपऱ्यावर. दोन सेकंद." सभागृहात एकदम शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलो. पण शांतता संपली ती आठ-दहा जणांनी खिशातून असेच निळे टॅग काढून दाखवल्यामुळे. एकाने मोलकरणीसाठी करून घेतला होता, एकाने मुलीच्या क्लासच्या बाईंसाठी, एकाने पोळीवाल्या मावशींसाठी. खजिनदारांकडे तीन होते. "पाचशे रुपये कोण देणार?" ते म्हणाले. पाचशेचा ठराव त्यांनीच मांडला होता.

मग दाराची इतर गाऱ्हाणीही निघाली. वरचं चुंबकी कुलूप २८० किलो ओढ सहन करतं, पण वीज गेली की सोडून देतं. तसंच असावं लागतं, आग लागली तर माणसं आत अडकू नयेत. तेव्हापुरती बॅटरी असते. आमची बॅटरी पहिल्या उन्हाळ्यातच गेली, त्यामुळे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा दारही उपास धरतं आणि कुणालाही अडवत नाही. बाहेर पडायचं बटण आतल्या बाजूला आहे, पण शेजारच्या जाळीतून स्टंप घातला की ते बाहेरूनही दाबता येतं. हा शोध तिसरीतल्या मुलांनी लावला, त्यांना कुठल्याही परिषदेला बोलावणं आलं नाही. गणपतीचे दहा दिवस दाराला वीट लावलेली असते, कारण आरतीला येणारे किती वेळा टीं टीं करणार? आणि ज्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत अशा माणसासाठी आपण सगळेच दार धरून उभे राहतो. वर 'सावकाश, सावकाश' म्हणतो. ही सवय सुटावी असं मला मनापासून वाटत नाही. पण मग डबीला रोज हळदकुंकू तरी कशाला लावायचं?

अखेर ठराव झाला : नवं यंत्र. प्रश्न बदलून विचारणारं, एईएस नावाच्या कूटपद्धतीचं, किल्ली आपली आपण भरायची असलेलं. फ्लॅटमागे सहा हजार. यंत्र आलं, नारळ फुटला, नवी कार्डं वाटली. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी खाली गेलो आणि जुना निळा टॅग नव्या यंत्राला लावला.

टीं. हिरवा. खट्.

सकाळी सेक्रेटरींना विचारलं. ते कौतुकाने म्हणाले, "अहो, नवं यंत्र दोन्ही वाचतं! बसवणाऱ्याला मीच सांगितलं, जुनं वाचन चालू ठेव. कुणाची गैरसोय व्हायला नको." म्हणजे आता दाराला नवीन आजी आहेत, हुशार आहेत, रोज नवा प्रश्न विचारतात. पण शेजारी जुनी डबीही बसवून ठेवली आहे, आणि आजींनी प्रश्न विचारायच्या आत ती 'या या' म्हणते. साखळीची ताकद सर्वांत कच्च्या कडीएवढी म्हणतात. आमच्याकडे कच्ची कडी जुन्या सभासदांच्या आग्रहावरून कायम ठेवली आहे.

तर वाचकहो, आज घरी गेलात की एवढं करा. तुमच्या इमारतीला किंवा ऑफिसला नवं यंत्र बसलं असेल तर कपाटातलं जुनं कार्ड शोधून त्याला लावून बघा. हिरवा दिवा लागला तर कमिटीला तीन प्रश्न विचारा : जुन्या कार्डांचं वाचन बंद केलं का, कारखान्याची किल्ली बदलली का, आणि हरवलेल्या कार्डाचा नंबर त्याच दिवशी यादीतून काढता का. तीन प्रश्नांवर नोटीस आली तर ती जपून ठेवा, आर्नेमच्या निकालाशेजारी लावायला येईल.

आमच्याकडचा ताजा भाव सांगतो. चावीवाल्याने टॅगचे दोनशे केले आहेत. लॅचची चावी अजून पन्नासच, पण वही भरावी लागते.